कॅमेरा कोणता घ्यावा? आपल्या हातात कॅमेरा कसा आला, त्याचा इतिहास

शिबिर संपले की दोघे-तिघे तरुण बाजूला घेतात आणि विचारतात, "दादा, डॉक्युमेंटरी करायची आहे. तिघांनी मिळून चाळीस हजार जमवलेत. व्हिडिओ काढणारा फोटोचा कॅमेरा कोणता घेऊ?" गेल्या काही वर्षांत हा प्रश्न मी इतक्या वेळा ऐकला आहे की आता मॉडेलचे नाव सांगण्याआधी मी एक इतिहास सांगतो. पोरे आधी वैतागतात. त्यांना वाटते, दादांनी पुन्हा बौद्धिक सुरू केले. पण चाळीस हजार कुठे घालायचे, याचे उत्तर या इतिहासातच आहे. म्हणून तो इथे लिहून ठेवतो.

छापखाना आणि कॅमेरा

७ डिसेंबर १९५६. बाबासाहेबांची अंत्ययात्रा राजगृहावरून दादर चौपाटीकडे निघाली. त्या जनसागराची हलती दृश्ये आपण दर वर्षी ६ डिसेंबरला मोबाइलवर एकमेकांना पाठवतो, पाहताना डोळे भरून येतात. पण ती कोणी टिपली, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? ती टिपली नामदेव व्हटकर यांनी. व्हटकर लेखक होते, सिनेमा करणारे होते आणि आपल्यातले होते. या चित्रीकरणासाठी त्यांनी स्वतःचा छापखाना गहाण ठेवून पैसे उभे केले, अशी हकीकत चळवळीत सांगितली जाते.

हा प्रसंग नीट समजून घ्या. छापखाना म्हणजे काय, हे आपल्या चळवळीला वेगळे सांगायला नको. १९२० साली 'मूकनायक' निघाले तेव्हा पैसे देण्याची तयारी असूनही 'केसरी'ने त्याची जाहिरात छापली नाही. दुसऱ्याच्या छापखान्यात आपला शब्द छापला जात नाही, हा धडा बाबासाहेबांनी घेतला. म्हणूनच 'बहिष्कृत भारत', 'जनता', 'प्रबुद्ध भारत' अशी पत्रे आली, स्वतःचा छापखाना आला. आपल्या समाजात छापखाना ही चैनीची वस्तू कधीच नव्हती. आणि १९५६ साली एका माणसाला कॅमेऱ्यासाठी तोच पणाला लावावा लागला! शब्दाचे साधन गहाण टाकल्याशिवाय चित्राचे साधन हाती येत नव्हते, इतके ते महाग होते.

किती महाग? दराची पावती माझ्याकडे नाही, पण हिशोब सोपा आहे. ३५ मिमी फिल्म दर मिनिटाला ९० फूट पळते. १००० फुटांचे रीळ ११ मिनिटांत संपते. १६ मिमी थोडी स्वस्त, ती मिनिटाला ३६ फूट. तिचे १०० फुटांचे छोटे रीळ पावणेतीन मिनिटांत खलास. त्यानंतर फिल्म धुणे, प्रिंट काढणे, ध्वनी वेगळा, संकलन वेगळे. एकदा चित्रित झालेली फिल्म पुसून पुन्हा वापरता येत नाही. म्हणजे कॅमेऱ्याचे बटण दाबल्यापासून दर सेकंदाला पैसा जळत असतो. अशा यंत्रासमोर कोणाला उभे करायचे, हे मग पैसेवालाच ठरवतो. शेतमजूर बाई आपले म्हणणे सांगायला अडखळली, थांबली, रडली, पुन्हा बोलू लागली, तर तेवढी फिल्म तिच्यासाठी कोण जाळणार?

म्हणून महाडचा सत्याग्रह आपण पुस्तकात वाचतो, शाहिरांच्या तोंडून ऐकतो आणि पडद्यावर पाहतो तो नटांनी केलेला. लिहिण्याचे आणि गाण्याचे साधन आपण मिळवले होते. हलत्या चित्राचे साधन मात्र दुसऱ्याच्या तिजोरीत होते.

कॅसेट आली, पण...

पुढे व्हिडिओ कॅसेट आली. ऐंशी-नव्वदच्या दशकात लग्नाची कॅसेट काढणारे गावोगाव दिसू लागले. १९९५ साली सोनीचा व्हीएक्स१००० हा डिजिटल टेपवर चित्रण करणारा कॅमेरा आला. तासाभराची छोटी टेप, आणि केबल जोडून चित्रण थेट संगणकात. फिल्मच्या तुलनेत खर्च एकदम खाली आला.

याचे मोल समजून घ्यायचे तर विलास घोगरेंची आठवण काढा. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याच्या विटंबनेविरुद्ध लोक रस्त्यावर आले. पोलिसांच्या गोळीबारात १० जणांचा जीव गेला. त्या वेदनेने शाहीर विलास घोगरेंनी काही दिवसांतच आत्महत्या केली. आज आपण घोगरेंना गाताना पाहू शकतो, कारण आनंद पटवर्धन यांनी 'हमारा शहर' (१९८५) या चित्रपटासाठी त्यांना आधीच टिपले होते. पुढे रमाबाई नगरापासून सुरू झालेले त्यांचे काम १४ वर्षे चालले आणि २०११ साली 'जय भीम कॉम्रेड' पूर्ण झाला. त्या चित्रपटाच्या मांडणीबद्दल आपल्यात मतभेद आहेत, ते असावेत. पण १४ वर्षे एकच विषय टिपत राहणे फिल्मच्या रिळांवर कोणत्या एकट्या माणसाला परवडले असते?

मात्र टेपच्या कॅमेऱ्यांत एक खोट होती. आतला सेन्सर, म्हणजे प्रकाश झेलणारा तुकडा, अगदी लहान. चांगल्या छोट्या कॅमेऱ्यांतही तो साधारण ४.८ बाय ३.६ मिमी, हरभऱ्याच्या दाण्याएवढा. प्रकाश कमी पडला की चित्रात मुंग्या येत, जवळचा चेहरा आणि मागची भिंत सारखीच स्पष्ट दिसे. सिनेमा पाहून तयार झालेल्या डोळ्याला ते 'लग्नाची कॅसेट' वाटे. आणि "विषय चांगला आहे, पण दर्जा नाही" हे वाक्य दार बंद करायला फार सोयीचे असते. दर्जा हा शब्द आपल्याला नवा नाही. शाळेपासून नोकरीपर्यंत आपल्यासाठी तो वापरला गेला आहे.

२००८ : भिंत पडली

ऑगस्ट २००८ मध्ये निकॉनने डी९० जाहीर केला. व्हिडिओ काढू शकणारा हा पहिला डीएसएलआर. पुढच्याच महिन्यात कॅननचा ५डी मार्क टू आला. त्याचा सेन्सर ३६ बाय २४ मिमी. वर सांगितलेल्या तुकड्याशी क्षेत्रफळाचा भागाकार करून पाहा : सुमारे ५० पट! ३५ मिमी सिनेमा कॅमेऱ्यात फिल्मवर उमटणाऱ्या चौकटीपेक्षाही तो मोठा. रस्त्यावरच्या दिव्यात चेहरा दिसू लागला, मागची गर्दी धूसर होऊ लागली, लेन्स बदलता येऊ लागली. जे दिसणे लाखोंचे भाडे देऊन मिळत होते, ते फोटोच्या कॅमेऱ्यात आले.

हे आपल्यासाठी कोणी केले नव्हते. वृत्तसंस्थांच्या छायाचित्रकारांना फोटोबरोबर छोटी चित्रफीतही पाठवता यावी, म्हणून ही सोय घातली गेली. सिनेमावाल्यांनी ती पळवली. २०१० साली अमेरिकेतल्या 'हाउस' या लोकप्रिय मालिकेच्या सहाव्या पर्वाचा शेवटचा भाग ५डी मार्क टूवर चित्रित झाला. आपल्याकडे अमोल गुप्ते यांचा 'स्टॅनले का डब्बा' (२०११) कॅनन ७डीवर झाला. अमेरिकेत शेन कॅरुथ यांनी 'अपस्ट्रीम कलर' (२०१३) पॅनासॉनिक जीएच२वर केला. "हा फोटोचा कॅमेरा आहे, सिनेमाचा नाही" हे वाक्य तिथेच संपले.

कॅमेरा कोणाला धरून बनतो?

काही जण म्हणतात, यंत्राला जात नसते. बरोबर. पण यंत्र कोणाला तरी डोळ्यांसमोर ठेवून बनते, आणि ज्याला डोळ्यांसमोर ठेवले नाही त्याला ते अडचणीचे ठरते. ५डी मार्क टूच पाहा. सुरुवातीला तो सेकंदाला ३० चौकटी एवढ्याच वेगाने चित्रण करी आणि प्रकाशाचे नियंत्रण स्वतःच ठरवी. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. सेकंदाला २५ चौकटी आणि शटर १/५० ठेवले तर ट्यूबलाइटखाली चित्र थरथरत नाही. हाताने नियंत्रण करण्याची सोय २००९ मध्ये आली आणि २५ चौकटींची सोय मार्च २०१० मध्ये, तीही लोकांनी ओरड केल्यावर.

दुसरे उदाहरण. बऱ्याच वर्षांचे फोटो कॅमेरे २९ मिनिटे ५९ सेकंदांनी चित्रण बंद करतात. यात तंत्राची अडचण नव्हती. युरोपात ३० मिनिटे चित्रण करणारे यंत्र व्हिडिओ कॅमेरा ठरे आणि त्यावर जादा आयात शुल्क लागे. ते वाचवायला ही मर्यादा. युरोपच्या जकातीमुळे परभणीतल्या आजीची मुलाखत मध्येच तुटते, हा जगाच्या बाजाराचा कारभार आहे!

तिसरे उदाहरण रंगाचे. रंगीत फिल्मच्या काळात प्रयोगशाळांत रंग जुळवायला कोडॅकची 'शर्ली कार्ड' वापरली जात. त्यावर बहुधा एका गोऱ्या बाईचा फोटो. तिचा चेहरा बरोबर दिसला की रंग बरोबर. मग काळे-सावळे चेहरे काळवंडून जात, तपशील बुडून जात. डिजिटलमध्ये ही अडचण कमी झाली, पण सवय गेलेली नाही. यूट्यूबवरचे कॅमेऱ्याचे परीक्षण पाहा : पांढरी भिंत, भरपूर दिवे, गोरा चेहरा. आपले चित्रण होते पत्र्याच्या घरात, बाहेर रणरणते ऊन आणि आत एक बल्ब, समोर सावळा चेहरा. त्या परीक्षणावरून कॅमेरा निवडायचा, म्हणजे दुसऱ्याच्या पायाच्या मापाने चप्पल घेणे.

या अडचणी कोणी सोडवल्या? पुष्कळशा वापरणाऱ्यांनीच. २००९ साली 'मॅजिक लँटर्न' हे मोफत सॉफ्टवेअर सुरू झाले. कॅननच्या कॅमेऱ्यात ते घातले की आवाजाची पातळी दिसे, ती हाताने ठरवता येई. पॅनासॉनिकच्या जीएच मालिकेवरही लोकांनी असेच काम केले. कंपनीने बंद ठेवलेली दारे वापरणाऱ्यांनी एकत्र येऊन उघडली आणि किल्ली सगळ्यांना वाटली. आपण यातून शिकण्यासारखे पुष्कळ आहे.

जी भिंत पडली नाही

आता मुद्द्याचे बोलतो. २००८ साली चित्राची भिंत पडली. आवाजाची आणि जतन करण्याची भिंत तशीच उभी राहिली. आणि आपली पोरे आजही सगळे पैसे पडलेल्या भिंतीवरच धडका मारण्यात घालवतात.

हे मी ऐकीव सांगत नाही. काही वर्षांपूर्वी आम्ही नामांतराच्या लढ्यातल्या एका जुन्या कार्यकर्त्याची मुलाखत घेतली. १९७८ सालच्या जाळपोळीत त्यांचे घर गेले होते. उसना आणलेला चांगला कॅमेरा, चांगली लेन्स. ते अडीच तास बोलले. कॅमेऱ्यातल्याच माइकवर आवाज घेतला, छताचा पंखा चालू, आणि कानाला हेडफोन लावून पाहायची कोणाला बुद्धी झाली नाही. घरी येऊन पाहिले तर चित्र देखणे, आणि आवाजात पंख्याची घरघर. ते शांत झाले की कॅमेरा आपोआप आवाज वाढवी आणि घरघर दुप्पट होई. जळत्या घरातून त्यांनी आईला कसे बाहेर काढले, हे सांगतानाची त्यांची वाक्ये आजही लागत नाहीत. पुन्हा जाऊ म्हणत वर्ष गेले. मग ते गेले. शिवाय ते चित्रण एकाच हार्ड डिस्कवर होते. पुढे तीही बिघडली. आज आमच्याकडे त्यांचे चार फोटो आहेत. चूक कॅमेऱ्याची नव्हती. चूक आमची होती.

याच्या उलट आसामच्या रीमा दास पाहा. छायगाव हे त्यांचे गाव. तिथल्याच पोरांना घेऊन त्यांनी 'व्हिलेज रॉकस्टार्स' (२०१७) केला. लेखन, दिग्दर्शन, छायाचित्रण, संकलन स्वतःचे. कॅमेरा कॅनन ५डी मालिकेतला. आवाज घेतला त्यांची चुलत बहीण मल्लिका दास हिने. २०१८ साली ६५व्या राष्ट्रीय पुरस्कारांत तो सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला, आणि प्रत्यक्ष स्थळी ध्वनिमुद्रण केल्याबद्दल मल्लिकालाही पुरस्कार मिळाला. फोटोच्या कॅमेऱ्यावर चित्रपट झाला हे सगळे सांगतात. एक माणूस फक्त आवाजासाठी उभा होता, हे कोणी सांगत नाही.

मग घ्यायचे काय?

इतिहासाने दिलेले उत्तर असे.

पहिले, कॅमेऱ्याच्या बॉडीवर निम्म्यापेक्षा जास्त पैसे घालू नका. जुना घ्या, चालेल. कॅननचा ५५०डी २०१० सालचा, पण त्याला बाहेरचा माइक लावायची जागा आहे. त्याच्या आधीच्या ५००डीला ती नाही. तुमच्यासाठी हा फरक मेगापिक्सेलपेक्षा मोठा आहे. हेडफोनची जागा असेल तर उत्तम. ती ५डी मार्क थ्रीसारख्या वरच्या मॉडेलांत असते. नसेल तर आवाज वेगळ्या छोट्या रेकॉर्डरवर घ्या आणि सुरुवातीला एक टाळी वाजवा. संकलनात टाळीचा आवाज आणि टाळीचे चित्र जुळवले की काम झाले.

दुसरे, जुना कॅमेरा घेताना दुकानदाराच्या प्रकाशात पाहू नका. संध्याकाळी आपल्या वस्तीत न्या, घरातल्या आजीला बल्बखाली बसवा, २५ चौकटी आणि १/५० शटर ठेवून दहा मिनिटे चित्रण करा. चेहऱ्याच्या छायेतला तपशील दिसतो का, कॅमेरा तापून बंद पडतो का, बॅटरी किती टिकते, हे पाहा. आपली शर्ली आपली आजी आहे.

तिसरे, लेन्स एकच घ्या, पण जास्त प्रकाश आत घेणारी. ५० मिमी एफ/१.८ ही जवळजवळ प्रत्येक कंपनीची सर्वांत स्वस्त चांगली लेन्स. मात्र ५५०डीसारख्या लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर ती ८० मिमीसारखी वागते, छोट्या खोलीत पाठ भिंतीला लागते. घरातल्या मुलाखतीच जास्त असतील तर २४ ते ३५ मिमीच्या दरम्यानची बघा.

चौथे, ४केचा मोह हिशोब करून धरा. सेकंदाला १०० मेगाबिटने चित्रण केले तर तासाला ४५ जीबी लागतात. वीस तासांच्या मुलाखती म्हणजे ९०० जीबी, आणि दुसरी प्रत ठेवायची तर त्याच्या दुप्पट. तेवढी साठवण नसेल तर साध्या एचडीवर करा. पुसलेल्या ४केपेक्षा जपलेली एचडी लाखपट मोलाची.

पाचवे, आणि हे सर्वांत आधी बाजूला काढा : एक कॉलर माइक, एक हेडफोन, दोन हार्ड डिस्क. दोन्ही डिस्क एकाच घरात ठेवू नका. १९७८ साली आपली घरे जळाली आहेत, हे विसरू नका.

"मग मोबाइल काय वाईट?" असेही तरुण विचारतात. वाईट काहीच नाही. बुंदेलखंडातल्या 'खबर लहरिया'च्या दलित स्त्री पत्रकारांनी मोबाइलवरच सत्तेला प्रश्न विचारले. त्यांच्यावरचा 'रायटिंग विथ फायर' ऑस्करच्या नामांकनापर्यंत पोहोचला. अत्याचाराची बातमी टिपायला खिशातला मोबाइलच खरा. पण ज्या माणसाला शांत बसवून दोन तास ऐकायचे आहे, कमी प्रकाशात, नीट आवाजात, तिथे वर सांगितलेला जुना कॅमेरा अजून पुढे आहे. आणि कॅमेरा नाही म्हणून थांबून राहू नका. सोमनाथ वाघमारे यांचा भीमा कोरेगाववरचा माहितीपट २०१७ सालचा आहे, म्हणजे १ जानेवारी २०१८ च्या हिंसाचाराच्या आधीचा. नंतर अनेक वाहिन्या तिथे पोहोचल्या. आपला माणूस आधीच पोहोचलेला होता.

शेवटी थोडे आपल्याबद्दल. आपल्या कार्यक्रमांचे चित्रण पुष्कळ होते. पण त्यात काय असते? मंच, हार, नेत्याचे भाषण, ड्रोनमधून दिसणारी गर्दी. गर्दीतली ती म्हातारी, जी लाँग मार्चमध्ये चालली, जिने १९५६ साली आईच्या कडेवर बसून दीक्षाभूमी पाहिली, तिच्यासमोर कॅमेरा थांबत नाही. जयंतीच्या एका रात्रीच्या डीजेच्या खर्चात माइक, रेकॉर्डर आणि दोन हार्ड डिस्क येतात. प्रत्येक वस्तीच्या मंडळाने एवढे केले तरी दहा वर्षांत आपला इतिहास आपल्या माणसांच्या तोंडून, आपल्या मालकीचा उभा राहील.

व्हटकरांकडे मोजके फूट फिल्म होती आणि दुसरी संधी नव्हती. आपल्याकडे कार्ड पुसून पुन्हा वापरायची सोय आहे, म्हणून आपण निवांत आहोत. पण समोरच्या माणसाकडे दुसरी संधी नाही. तेव्हा पुढच्या रविवारी, जो कॅमेरा हाताशी आहे तो घेऊन, पंखा बंद करून, कानाला हेडफोन लावून, आपल्या वस्तीतल्या सर्वांत वृद्ध माणसासमोर बसा. मॉडेलचे नाव मग मला विचारा.

जय भीम!